घरातील वतने

दसरा सरला की आपल्या निवासी शाळेच्या फाटकाशी दरवर्षी एकच दृश्य दिसते. रस्त्यावर ट्रक उभा असतो. पत्र्याची पेटी, ज्वारीचे पोते, घागर, कोयते आणि एखादी शेळी असा अवघा संसार त्यात चढलेला असतो. मुकादम घाई करत असतो. आई लेकरांच्या तोंडावरून हात फिरवते आणि निघताना थोरल्या मुलीकडे वळून म्हणते, "बारक्याकडं ध्यान ठेव गं." मग तो ट्रक धारूरचा घाट उतरतो. पुढचे पाच-सहा महिने त्या लेकरांचे आईबाप सांगली, कोल्हापूर, सातारा किंवा पार बेळगावकडच्या उसाच्या फडात असतात.

काही वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गात अशीच एक मुलगी होती. तिचा भाऊ दुसरीत होता. जेवणात केळ मिळाले की ती आपले केळ ओढणीत लपवून त्याला नेऊन देई. रात्री मुलांच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन तो झोपला की नाही हे पाहून येई. खेळाच्या तासाला मैदानाच्या कडेला बसून त्याच्यावर नजर ठेवी. आम्ही शिक्षक तिचे कौतुक करीत असू. तिच्या प्रगतिपुस्तकावर 'अत्यंत जबाबदार विद्यार्थिनी' असा शेरा मी स्वतः लिहिला होता.

एका संध्याकाळी तो भाऊ खेळताना पडला. गुडघा फुटला, पट्टी बांधली, आणि तो पुन्हा हसत मैदानात पळाला. ती मात्र व्हरांड्यात बसून थरथरत रडत होती. "माझ्यामुळं झालं, आता आईला काय सांगू," एवढेच ती म्हणत राहिली. बारा वर्षांची ती मुलगी. त्या रात्री मला माझ्या शेऱ्याची लाज वाटली. आम्ही ज्याला जबाबदारी म्हणत होतो ते त्या लेकराच्या मानेवरचे जू होते, आणि त्या जुवावर आम्ही शाबासकीची फुले वाहत होतो.

या स्मरणिकेत शाळेच्या प्रगतीविषयी इतर मान्यवर लिहितीलच. आपल्या घरांतील नात्यांविषयी सहसा कोणी लिहीत नाही, म्हणून मी तो विषय घेतला आहे. मी इतिहासाचा शिक्षक आहे, मानसशास्त्राचा अभ्यासक नव्हे. तेव्हा या विषयाकडे मी इतिहासाच्या दारानेच जातो.

आपल्या पूर्वजांना 'वतन' हा शब्द चांगला ठाऊक होता. गावाचे सांगावे पोहोचवणे, सरकारी माणसांची बरदास्त ठेवणे, मेलेली जनावरे ओढणे, शिवेची राखण करणे ही कामे महार वतनदाराकडे असत. त्याबदल्यात जमिनीचा तुकडा आणि बलुते मिळे. या वतनाची चार लक्षणे ध्यानात घेण्याजोगी आहेत. पहिले, ते काम जन्मानेच वाट्याला येई, कोणी विचारून देत नसे. दुसरे, त्या कामाला वेळेची वा कष्टाची सीमा नसे. रात्री-अपरात्री हाक आली तरी उठावे लागे. तिसरे, त्या गुलामगिरीला मानाचे नाव होते. चौथे आणि सर्वांत कठीण लक्षण असे की, ज्याच्या पायात ती बेडी होती तोच ती सोडायला कचरत असे, कारण वतन गेले तर गावात आपण कोण, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राही. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, ते या चारही गोष्टी ओळखून. पुढे १९५८ च्या कायद्याने मुंबई राज्यातील कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली.

गावातील वतन गेले. घरातील वतने मात्र अजून शिल्लक आहेत, असे माझे मत आहे. दारुड्या नवऱ्याला सांभाळून घेण्याचे वतन बायकोकडे, धाकट्यांची आई होण्याचे वतन थोरल्या मुलीकडे, साऱ्या कुळाचा उद्धार करण्याचे वतन हुशार मुलाकडे आणि सगळ्यांचा राग झेलण्याचे वतन एखाद्या 'वाया गेलेल्या' मुलाकडे. ही कामेही कोणी विचारून देत नाही. त्यांनाही सीमा नाही. त्यांनाही त्याग, माया, कर्तव्य अशी मानाची नावे आहेत. आणि तीही सोडवत नाहीत.

पाश्चात्त्य देशांत या प्रकारच्या नात्यांना एक नाव मिळाले आहे. १९३५ मध्ये अमेरिकेत दारू सोडू इच्छिणाऱ्यांची 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' ही चळवळ सुरू झाली. पुढे त्यांच्या बायकांच्या ध्यानात आले की, नवऱ्याच्या व्यसनाभोवती फिरता फिरता आपले स्वतःचे जगणेही आजारी झाले आहे. त्यातून १९५१ मध्ये कुटुंबीयांसाठी 'अल-अॅनॉन' हे वेगळे मंडळ उभे राहिले. अशा घरांत काम करणाऱ्या समुपदेशकांनी नंतरच्या काळात 'कोडिपेंडन्सी' हा शब्द रूढ केला. मराठीत त्याला सहअवलंबन म्हणतात. अर्थ सोपा आहे: एकाने बिघडत राहायचे आणि दुसऱ्याने सावरत राहायचे, आणि दोघांनाही त्याशिवाय जगता येऊ नये, अशी अवस्था. स्टीफन कार्पमन या मानसोपचारतज्ज्ञाने १९६८ मध्ये या नात्यांचा एक त्रिकोण मांडला. त्याच्या तीन कोनांवर छळणारा, सोडवणारा आणि बळी असे तिघे असतात. माणसे कोन बदलतात, त्रिकोण तसाच राहतो. आज सोडवणारी उद्या बळी ठरते, आणि परवा तीच आपल्या लेकरांना छळू लागते.

हा परदेशी शब्द आपल्याला कशाला हवा, असे कोणी म्हणेल. शब्द परका असला तरी वस्तू आपल्या घरातलीच आहे. ती मी माझ्या घरात पाहिली आहे, म्हणून आधी तिच्याविषयीच लिहितो.

माझा जन्म १९७२ च्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीचा. आईवडील दोघेही ऊसतोडीला जात. वाचकांपैकी अनेकांना ठाऊक आहे की, या धंद्यात 'कोयता' म्हणजे एक माणूस नव्हे. नवरा आणि बायको मिळून एक कोयता होतो. उचल दोघांच्या नावे, हिशेब दोघांचा, आणि एकाने खाडा केला तरी तो दोघांच्या अंगावर पडतो. माझे वडील दारू पीत. ज्या दिवशी ते उठू शकत नसत त्या दिवशी आई मुकादमाला सांगे, "त्यांच्या अंगात कणकण हाय." मग ती एकटीच दोघांचा ऊस तोडी, मोळ्या बांधी, डोक्यावरून वाहून गाडी भरू लागे. दुकानदाराची उधारी ती गुपचूप फेडी. आम्हा भावंडांना तिने एकच शिकवले होते: बाहेर बोलायचे नाही.

आज मागे वळून पाहताना मला तिचा राग येत नाही. तिचे झाकून ठेवणे हा मूर्खपणा नव्हता, तो हिशेब होता. वडिलांचे पिणे उघडे पडले असते तर उचल अंगावर आली असती आणि पुढल्या वर्षी कोणी मुकादमाने आम्हाला उभे केले नसते. तरीही त्या हिशेबाचे फळ काय निघाले? आपल्या पिण्याची किंमत वडिलांना कधी दिसलीच नाही, कारण ती दरवेळी दुसऱ्या कोणाच्या पाठीतून वसूल होत होती. पन्नाशीच्या आत ते गेले. त्यानंतर आई मोकळी होईल असे आम्हाला वाटले होते. तसे झाले नाही. काही वर्षांत धाकटा भाऊ पिऊ लागला आणि एका सकाळी मी आईच्या तोंडून तेच वाक्य ऐकले, "त्याच्या अंगात कणकण हाय." तिच्याकडे दुसरे वाक्यच नव्हते. वतन बापाकडून लेकाकडे गेले होते, आणि वतनाची चाकरी करणारी तीच होती.

येथे मला महाडची आठवण होते. डिसेंबर १९२७ मध्ये मनुस्मृतीच्या दहनानंतर बाबासाहेबांनी तेथे जमलेल्या स्त्रियांसमोर जे भाषण केले, त्यात स्वच्छ राहण्याविषयी, मुलामुलींना शाळेत पाठवण्याविषयी उपदेश होता. त्याच वेळी नवरा किंवा मुलगा दारुडा असेल तर त्याला जेवू घालू नका, अशा आशयाचा सल्लाही त्यांनी दिला होता. आपल्या भाषणांत या उपदेशाचा उल्लेख कमी होतो. मला मात्र तो फार मोलाचा वाटतो. दारुड्या माणसाच्या घरच्यांनी त्याच्या पिण्याचे परिणाम स्वतःवर झेलू नयेत, ही गोष्ट व्यसनमुक्तीच्या शास्त्राने पुढे सावकाश मांडली. बाबासाहेबांनी ती आपल्या निरक्षर मायबहिणींना चुलीच्या भाषेत सांगितली होती. त्यात क्रूरपणा नाही. भाकरी बंद करणे म्हणजे माया बंद करणे असे त्यांना म्हणायचे नव्हते. त्याच्या व्यसनाला तुमच्या कष्टाचा आधार देऊ नका, एवढेच त्यात आहे.

तथापि एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. मारहाण करणाऱ्या माणसासमोर एकट्या बाईने भाकरी नाकारली तर तिचा जीवच धोक्यात येऊ शकतो. बाबासाहेब हे एका बाईच्या कानात बोलले नव्हते. जमलेल्या स्त्रियांच्या सभेत बोलले होते. त्यातील मर्म असे की, नकार एकटीने द्यायचा नसतो, त्याच्यामागे वस्ती उभी राहावी लागते. पुण्यातील मुक्तांगण या १९८६ साली सुरू झालेल्या व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनी माणसांबरोबर त्यांच्या बायकांनाही बोलावून घेऊन बोलते केले जाते, त्यामागे हाच विचार आहे. आपल्या बुद्धविहारांत दर पौर्णिमेला वंदना होते. वंदनेनंतर अर्धा तास स्त्रियांनी घरच्या गोष्टी एकमेकींना सांगाव्यात आणि त्या विहाराबाहेर जाऊ नयेत, एवढी व्यवस्था आपल्याला अवघड नाही.

आता थोरल्या मुलीच्या वतनाविषयी. माझी थोरली बहीण, आमची अक्का, तिसरीतून शाळा सोडून आईबापाबरोबर फडात गेली, ती मला सांभाळण्यासाठी. कोपीत मला झोपवणे, पाणी आणणे, भाकरी थापणे हे तिचे काम होते. ती मला कडेवर घेऊन फिरली म्हणून आईचा कोयता चालला, आणि आईचा कोयता चालला म्हणून पुढे मी शिकलो. नामांतराच्या वर्षी, १९९४ मध्ये, मी औरंगाबादला इतिहासात एम. ए. झालो. त्यावेळी अक्काला तीन मुले होती.

पुढे एका कार्यक्रमात माझा सत्कार झाला. भाषणात मी म्हणालो, "अक्काच्या त्यागामुळे मी आज येथे उभा आहे." टाळ्या झाल्या, काही डोळेही पाणावले. घरी आल्यावर अक्का शेंगा निवडत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "त्याग म्हणतूस व्हय रं? मला कुणी इचारलं व्हतं का?"

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते वाक्य मला विसरता आले नाही. त्याग करण्यासाठी आधी काही निवडण्याची मोकळीक असावी लागते. सिद्धार्थाने गृहत्याग केला तेव्हा त्याच्यापुढे दोन वाटा होत्या. आठ वर्षांच्या मुलीपुढे दोन वाटा नसतात. विचारल्याशिवाय आणि मोबदल्याशिवाय करून घेतलेल्या कामाला इतिहासात एक नेमका शब्द आहे: वेठ. मी भर सभेत माझ्या बहिणीच्या वेठीला त्याग म्हणालो होतो, आणि तसे म्हटल्याने माझे ऋण फिटल्याच्या समाधानात घरी आलो होतो.

या ठिकाणी आपल्यापैकी काहींचे मन दुखावेल असा एक मुद्दा मांडतो. आपण माता रमाईंच्या कष्टांचे वर्णन करताना थांबत नाही. बाबासाहेब परदेशात शिकत असताना त्या माऊलीने जे दारिद्र्य आणि जे पुत्रवियोग सोसले ते आठवून आजही ऊर भरून येतो. परंतु तेच वर्णन ऐकवून आपण आपल्या लेकीसुनांना 'असे सोसायचे असते' असे शिकवू लागलो, तर ते रमाईंवरही अन्यायाचे होईल. बाबासाहेबांनी १९४० मध्ये प्रसिद्ध झालेला 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ रमाईंच्या स्मृतीस अर्पण केला आणि तिच्या सोसण्याचे ऋण जगासमोर मान्य केले. मात्र २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बोलताना त्यांनी स्त्रियांपुढे सोसण्याचा आदर्श ठेवला नाही. लग्नाची घाई करू नका, आणि लग्न झाल्यावर नवऱ्याची मैत्रीण म्हणून बरोबरीने उभ्या राहा, त्याची दासी होऊ नका, असा त्या भाषणाचा आशय होता. ज्याने एका स्त्रीचे सोसणे जवळून पाहिले होते, त्याने ते दुसरीच्या वाट्याला येऊ नये असेच सांगितले.

तिसरे वतन माझे स्वतःचे. घरातील हुशार मुलगा सर्वांना तारणार, अशी समजूत असते. मी नोकरीला लागल्यापासून भावाची देणी, पुतण्यांची फी, नातलगांची लग्ने यांतले काही नाकारले नाही. लोक मला कर्ता म्हणत. खरे सांगायचे तर मला नकार देताच येत नसे, कारण नकार दिला तर अक्काच्या कडेवरचे ते मूल कृतघ्न ठरले असते. भावाची दुकानातली उधारी मी तीन वेळा फेडली. चौथ्या वेळी माझी पत्नी म्हणाली, "तुम्ही उधारी नाही फेडत, त्याच्या बाटलीचे पैसे भरताय." मी आईवर ज्या गोष्टीसाठी मनात ठपका ठेवत आलो होतो, तीच मी पगाराच्या पैशांतून करीत होतो.

वर्गात पाहावे तर ही सारी वतने बाकांवर बसलेली दिसतात. पहिला नंबर घेणारा मुलगा दोन गुण कमी पडले की जेवत नाही, कारण त्याच्या गुणांवर घराची अब्रू टांगलेली असते. खोड्या करणारा मुलगा असतो. घरचा सगळा राग त्याच्यावर निघतो आणि तो शाळेत दुसऱ्या कोणावर काढतो. आणि एक मूल असे असते की हजेरीखेरीज कोणी त्याचे नाव घेत नाही. तेही कोणाला त्रास होऊ नये म्हणून स्वतःला जवळजवळ पुसून टाकते. आम्ही शिक्षक पहिल्याला बक्षीस देतो, दुसऱ्याला शिक्षा देतो आणि तिसऱ्याला विसरतो. म्हणजे घराने दिलेल्या सनदांवर शाळाही आपला शिक्का मारते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. पोटासाठी घरदार सोडणाऱ्या माणसांना नात्यांचे दोष काय दाखवता? दोष व्यवस्थेचा आहे. मला हे मान्य आहे. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या बालाघाटाच्या मुलुखात पाणी आणि रोजगार असता तर कोणत्याही आईने आपले लेकरू दुसऱ्या लेकराच्या हवाली केले नसते. २०१९ मध्ये आपल्या जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत बीड जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी शंभरात चाळीसहून अधिक जणींचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले होते. मुलीला मागे कोणाच्या भरवशावर ठेवावी, ही काळजी त्यातल्या कितीतरी लग्नांमागे असते. आणि लग्न झाले की नवा कोयता तयार होतो. हे आकडे नात्यांचे नाहीत, शोषणाचे आहेत. त्याविरुद्धची लढाई उचल, मजुरी, वसतिगृहे आणि कायदा यांच्याच मैदानात लढावी लागेल.

पण व्यवस्था बदलेपर्यंत घरातला अन्याय थांबवायचा नाही, असे बाबासाहेबांनी कधी सांगितले नाही. चवदार तळ्याचा संगर आणि स्त्रियांना घरातील राहणीविषयी केलेला उपदेश एकाच महाडात झाला. बाहेरची बेडी तोडणाऱ्या माणसाने घरात शिरल्यावर दुसऱ्याच्या पायातील बेडीला दागिना म्हणू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

मग धम्म या बाबतीत काय सांगतो? दीघनिकायात सिगालोवाद सुत्त आहे. राजगृहाजवळ सिगाल नावाचा तरुण सकाळी ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना नमस्कार करीत होता. मरताना बापाने सांगितले म्हणून तो ते करीत होता; का करायचे हे त्याला ठाऊक नव्हते. तथागतांनी त्याला त्या दिशांचा नवा अर्थ सांगितला. पूर्व म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे आचार्य, पश्चिम म्हणजे पत्नी आणि मुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे सेवक व कामगार, वरची म्हणजे श्रमण. या सुत्ताचे वैशिष्ट्य असे की, त्यातील प्रत्येक कर्तव्याला उत्तर आहे. मुलाने आईवडिलांसाठी पाच गोष्टी करायच्या, तर आईवडिलांनीही मुलासाठी पाच करायच्या. त्यांत त्याला विद्या शिकवणे आणि योग्य वेळी वारसा देणे या गोष्टी येतात. पत्नीने नवऱ्यासाठी जे करायचे ते सांगण्याआधी नवऱ्याने पत्नीसाठी काय करायचे ते सांगितले आहे; तिचा मान राखणे, तिचा अवमान न करणे, घरातील अधिकार तिच्या हाती देणे हे त्यात आहे. मालकाने कामगाराला शक्तीप्रमाणे काम द्यावे, आजारात त्याची काळजी घ्यावी, वेळेवर सुट्टी द्यावी, हेही त्यात आहे. आजारी पडल्यावर खाडा लावणाऱ्यांनी ते ऐकण्यासारखे आहे. याच सुत्तात मद्यपानाचे दुष्परिणाम मोजून सांगितले आहेत, आणि आपल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे.

दोन्हीकडून वाहणाऱ्या अशा कर्तव्यांना परस्परावलंबन म्हणावे. ते निरोगी असते, कारण त्याला मर्यादा असते आणि त्याचा हिशेब दोघांना दिसतो. एकाच बाजूने वाहणारे कर्तव्य हे वतन होय. आपल्या घरातले कोणते नाते कोणत्या प्रकारचे आहे हे ओळखायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही. 'याच्या उलट बाजूने काय येते?' एवढा प्रश्न पुरतो.

धम्मातील आणखी एक शब्द येथे उपयोगी पडेल. मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा हे चार ब्रह्मविहार आपण मुलांकडून पाठ करून घेतो. 'उपेक्षा' शब्द आला की मुले गोंधळतात, कारण रोजच्या मराठीत त्याचा अर्थ दुर्लक्ष करणे असा झाला आहे. पालीतील उपेक्खा म्हणजे समचित्तता. समोरच्याचे दुःख पाहूनही आपला तोल न सोडणे, त्याच्या कर्माचे फळ त्याच्याकडून हिसकावून स्वतः न भोगणे. उपेक्षेवाचून करुणा बुडणाऱ्याबरोबर बुडते. माझ्या आईत करुणा अपार होती. उपेक्षा तिला कोणी शिकवलीच नव्हती.

आता पालकांना आणि आम्हा शिक्षकांना काही विनंत्या.

पालक बंधुभगिनींनो, मुलांना शाळेत सोडताना थोरल्या मुलीला "बारक्याकडं ध्यान ठेव" असे सांगू नका. ते काम अधीक्षकांना आणि आम्हाला सांगा; त्यासाठीच आम्ही आहोत. तिला सांगा, "तू खेळ, तू शिक." फोनवर आधी तिची विचारपूस करा, मग धाकट्याची. घरातील पिणे मुलांपासून लपवता येत नाही. ते लपवायला मुलांना लावू नका. पिणाऱ्याशी तो शुद्धीवर असताना बोला, त्याची उधारी फेडू नका, आणि मार बसत असेल तर एकटीने सोसू नका. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि मनाच्या आजारासाठी 'टेली मानस'चा १४४१६ हे क्रमांक घरच्या भिंतीवर लिहून ठेवा.

शिक्षक बांधवांनो, जयंतीच्या भाषणांत मुलांना आईबापाचा त्याग सांगायला लावून सभेला रडवण्याची प्रथा आपण बंद करावी. ऋणाची जाणीव चांगली. ऋणाची भीती मुलाला मोकळे होऊ देत नाही. मुलग्यांना भाजी चिरणे, ताट घासणे, अंगावरचे कपडे धुणे शिकवावे, म्हणजे उद्या त्यांच्या बहिणीला आणि बायकोला ते वतन चालवावे लागणार नाही. 'जबाबदार' असा शेरा लिहिण्याआधी ही जबाबदारी कोणाची होती, हे एकदा स्वतःला विचारावे.

त्या सातवीतल्या मुलीविषयी सांगून थांबतो. आम्ही तिच्या भावाची काळजी दोन कर्मचाऱ्यांकडे सोपवली आणि ती तसे तिच्या देखत सोपवली. पहिले काही आठवडे तिला ते आवडले नाही. आपले काही चुकले म्हणून काम काढून घेतले, असे तिला वाटले. वतन गेल्यावर माणसाला असेच वाटते. जानेवारीत ती खो-खोच्या संघात आली. पहिल्याच सामन्यात लवकर बाद झाली आणि हसत बाहेर आली. भाऊ मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होता. त्या दिवशी तिने त्याच्याकडे पाहिले नाही.

अक्का आता साठीत आहे. मध्यंतरी मी तिला विचारले, "तुला शाळेत काय आवडायचं?" प्रश्न विचारायला मला पन्नास वर्षे लागली होती. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मला पाढे लई येत व्हते. तेरापस्तोर." आणि तिने तेराचा पाढा न अडखळता म्हणून दाखवला.

आपल्या शाळेत दसऱ्यानंतर येणाऱ्या प्रत्येक मुलीला हा प्रश्न वेळेवर विचारला जावो, एवढीच या प्रसंगी मंगलकामना.

जयभीम! नमो बुद्धाय!